सूर्यफुलाचा घाम मोजणारे पाद्रीबाबा

एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास गॅलरीत डोकावलं की जीव हळहळतो. सकाळी टवटवीत असलेल्या जास्वंदीने माना टाकलेल्या असतात, पुदिना तर पार लोळागोळा झालेला असतो. आपण लगबगीने तांब्याभर पाणी आणून ओततो. खरं तर पाणी सकाळीच घातलेलं असतं, कुंडीत बोट खुपसलं तर माती ओलीही लागते. पण पानांकडे बघवत नाही. आणि गंमत अशी, की एखाद्या दिवशी आपण घरी नसलो, दुपारचं ते जादा पाणी मिळालं नाही, तरी ऊन उतरल्यावर ही मंडळी आपली आपण ताठ उभी राहतात. मग दुपारी त्यांना झालेलं असतं तरी काय?

झाडात शिरलेलं पाणी जातं कुठे, किती जातं, कधी जातं, हे प्रश्न ज्यांनी तराजू हातात घेऊन नेटाने सोडवायला घेतले ते ना माळी होते, ना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. इंग्लंडमध्ये थेम्स नदीकाठच्या टेडिंग्टन गावातल्या चर्चचे ते पाद्री होते. रेव्हरंड स्टीफन हेल्स. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे नाव रक्तदाब पहिल्यांदा मोजणारा माणूस म्हणून ठाऊक असतं. झाडांवर मोजमाप करून प्रयोग करायची रीत घालून दिली ती हेल्स यांनी, असं वनस्पतिशास्त्रवाले मानतात. त्यांच्या ओळखीच्या बायकांना मात्र त्यांची वेगळीच सवय माहीत होती. हे पाद्रीबाबा घरी आले की चहाच्या किटलीत डोकावून बघायचे! पण ते पुढे सांगते.

हेल्स यांचा जन्म १७ सप्टेंबर १६७७ चा, केंट परगण्यातल्या बेक्सबोर्न गावचा. घर बऱ्यापैकी खात्यापित्या माणसांचं. १६९६ मध्ये ते केंब्रिजला शिकायला गेले. शिक्षण धर्मोपदेशक होण्याचं, पण जीव रमायचा तो भलतीकडेच. विल्यम स्टुकली नावाचा वैद्यक शिकणारा मित्र मिळाला. हे दोघे रानोमाळ भटकून झाडपाला गोळा करत, बेडूक कापून बघत, कुत्र्याच्या फुप्फुसाचा शिशाचा साचा करत. ग्रह सूर्याभोवती कसे फिरतात हे दाखवणारं यंत्रही हेल्स यांनी बनवलं होतं. पाद्री होणाऱ्या मुलाने हे उद्योग का करावेत, असं आपल्याला वाटेल. पण त्या काळच्या तिथल्या कितीतरी धार्मिक माणसांची अशी श्रद्धा होती, की देवाने सृष्टी मोजूनमापून घडवली आहे, तेव्हा ती समजून घ्यायची तर आपणही मोजायला हवं. हेल्स आयुष्यभर त्याच श्रद्धेने मोजत राहिले.

१७०९ साली ते टेडिंग्टनला आले आणि मरेपर्यंत, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं, तिथेच राहिले. पुढे मोठ्या मानाच्या जागेसाठी बोलावणं आलं तेही त्यांनी नाकारलं. गाव सोडवेना, बाग सोडवेना.

त्यांचे पहिले गाजलेले प्रयोग मात्र वाचवत नाहीत. जिवंत घोडी बांधून घालून तिच्या पायाकडे जाणाऱ्या धमनीत नळी बसवायची, तिला उभी काचेची नळी जोडायची आणि रक्त किती उंच चढतं ते बघायचं. ते आठ फूट तीन इंच चढलं. रक्तदाबाचं ते पहिलं मोजमाप. आज आपल्या दंडाला पट्टा गुंडाळून डॉक्टर जे बघतात त्याचं मूळ इथे आहे हे खरं, तरी त्या घोडीचं काय झालं असेल या विचाराने पोटात कालवतंच. शेजारच्या ट्विकनहॅममध्ये राहणारा कवी अलेक्झांडर पोप हेल्स यांचा स्नेही. त्यालाही कुत्र्यांवरच्या या प्रयोगांचा त्रास व्हायचा. खुद्द हेल्सनाही हे काम किळसवाणं वाटू लागलं होतं. काही वर्षं त्यांनी ते सोडूनच दिलं. आणि मग एक द्राक्षवेल त्यांच्या वाटेत आला.

झालं असं, की बागेतला एक जुना वेल छाटायला उशीर झाला. वसंत लागायच्या बेताला कापलेल्या बुंध्यातून पाणी गळायला लागलं. वेल मरेल या भीतीने हेल्स यांनी जखमेवर प्राण्याच्या मूत्राशयाचा तुकडा घट्ट बांधला, तर तो फुग्यासारखा फुगला! आतून काहीतरी जोराने वर ढकलतंय हे उघड होतं. घोडीला लावली तशीच नळी त्यांनी आता वेलाला लावली. रस वीस फुटांहून वर चढला. ज्या माणसाला रक्त बघून नकोसं झालं होतं, त्याला तेच कुतूहल पुरवायला रक्त न सांडणारा जीव सापडला.

याच सुमाराला त्यांच्या घरी एक सुखदुःखाचा पाठशिवणीचा खेळ झाला. १७१८ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. १७२० मध्ये, वयाच्या बेचाळिशीत, त्यांनी मेरी न्यूस हिच्याशी लग्न केलं. दुसऱ्याच वर्षी मेरी गेली. मूलबाळ नव्हतं. हेल्स यांनी पुन्हा लग्न केलं नाही, आणि मेरीबद्दल याहून फारसं काही आपल्या हाती लागत नाही. नवऱ्याने झाडांच्या पानांचे चौरस इंचसुद्धा नोंदलेले आहेत, बायकोबद्दल मात्र फारच थोडं कळतं. त्या काळच्या किती बायकांचं असंच झालं, कोण जाणे.

मेरीला जाऊन तीन वर्षं झाली होती. १७२४ चा जुलै महिना. हेल्स यांनी कुंडीत रोपापासून वाढवलेलं एक सूर्यफूल घेतलं, साडेतीन फूट उंचीचं. कुंडीच्या तोंडावर शिशाचा पातळ पत्रा बसवला आणि सगळ्या सांधी लिंपून टाकल्या, म्हणजे मातीतलं पाणी परस्पर उडून जायला नको. पाणी घालायला एक भोक ठेवलं, त्याला बूच. हवा जायला काचेची बारीक नळी. आता या कुंडीचं वजन कमी झालं, तर गेलेलं पाणी झाडातूनच गेलं असलं पाहिजे. कुंडीच्या अंगातून थोडं झिरपतं, तेही वेगळं मोजून त्यांनी वजा केलं. ३ जुलै ते ८ ऑगस्टच्या दरम्यान पंधरा दिवस, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, ती कुंडी तराजूत चढत होती.

काय दिसलं? एका खूप गरम, कोरड्या दिवशी बारा तासांत त्या एका झाडाने एक पौंड चौदा औंस पाणी हवेत सोडलं. म्हणजे जवळजवळ साडेआठशे ग्रॅम, आपल्या मोठ्या तांब्याएवढं. रोजचं सरासरी प्रमाण एक पौंड चार औंस. रात्री, हवा उबदार आणि कोरडी असली तर, फक्त तीन औंस. दव पडलं असेल त्या रात्री काहीच नाही. आणि दव भरपूर पडलं किंवा पाऊस झाला तर सकाळी कुंडी उलट दोन-तीन औंस जड!

मग त्यांनी झाडाची सगळी पानं तोडून आकारवार गट केले आणि एकूण पृष्ठभाग काढला. तो भरला एकोणचाळीस चौरस फूट. साडेतीन फुटांच्या झाडाला आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीचा एक चांगला मोठा तुकडा झाकेल इतकी पानं! मुळांचा पृष्ठभाग याच्या निम्म्याहूनही कमी होता. माणसाला दिवसभरात किती घाम येतो याचे आकडे त्यांच्यापुढे होतेच. सँटोरिओ नावाच्या इटालियन वैद्याने शंभरएक वर्षांपूर्वी स्वतःला तराजूच्या खुर्चीत बसवून ही मोजणी सुरू केली होती. हेल्स यांनी हिशोब मांडला. आकारमानाला आकारमान धरलं, तर सूर्यफुलाला माणसाच्या सतरापट घाम येतो.

सूर्यफुलानंतर कोबी, द्राक्षवेल, सफरचंद, लिंबू अशी रांगच लागली. लिंबासारखी बारमाही हिरवी झाडं पाणी कमी सोडतात, हे त्यांच्या लक्षात आलं. झाडांच्या फांद्या पाण्यात उभ्या करून त्यांनी आणखी एक साधा प्रयोग केला. पानं असलेल्या फांद्या दिवसाकाठी पंधरा ते तीस औंस पाणी प्यायल्या. पानं ओरबाडलेल्या फांद्या प्यायल्या जेमतेम एक औंस. याचा अर्थ मोठा होता. त्या वेळी अनेकांना वाटायचं, की आपल्या अंगात रक्त फिरतं तसा झाडातही रस गोल फिरत असणार. हेल्स यांच्या तराजूने दाखवलं, की तो फिरत नाही. मुळांतून येतो, पानांतून निघून जातो, आणि ओढण्याचं काम मुख्यतः पानं करतात. पानातून बाहेर पडणारा हा घाम कसा असतो, हेही त्यांनी बघितलं. फांद्या काचेच्या भांड्यांत घालून जमलेलं पाणी चाखलं. स्वच्छ, साध्या पाण्यासारखंच. फक्त ठेवून दिलं तर लवकर वास मारतं.

हे सगळं १७२७ मध्ये ‘व्हेजिटेबल स्टॅटिक्स’ या पुस्तकात आलं. नावातला स्टॅटिक्स हा शब्द तोलण्याच्या शास्त्रासाठीचा. पुस्तक छापायला रॉयल सोसायटीची परवानगी लागली, तिच्यावर सही आहे अध्यक्ष आयझॅक न्यूटन यांची. त्यानंतर महिनाभरातच न्यूटन गेले. पुढे १७३५ मध्ये बुफाँने त्याचं फ्रेंच भाषांतर केलं आणि हेल्स युरोपभर माहीत झाले.

पण दिवसाला वीस-तीस औंस आणि रात्री तीनच, हा एवढा फरक कशाने? हेल्स यांचं उत्तर होतं, सूर्याच्या उष्णतेने. उत्तर अर्धं बरोबर होतं. कपडे उन्हात लवकर वाळतात, तसंच हे. पण पान म्हणजे दोरीवरचा पंचा नव्हे. पंचा हवेला नाही म्हणू शकत नाही, पान म्हणू शकतं.

पानांना बारीक छिद्रं असतात, हे हेल्स यांच्या आधीच इटलीत माल्पिगी आणि इंग्लंडमध्ये ग्रू यांनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं होतं. शाळेत आपण त्यांना पर्णरंध्रं म्हणायला शिकलो. बहुतेक झाडांत ती पानाच्या खालच्या बाजूला जास्त असतात. चौरस मिलिमीटरला शंभर-दोनशे ही अगदी सामान्य गोष्ट. ही छिद्रं झाड पाणी सांडायला ठेवत नाही. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, त्याचं झाडाला अन्न करायचं असतं. पण पानाचा आतला भाग ओला, बाहेरची हवा कोरडी. दार उघडलं की अन्नाचा माल आत येतो आणि त्याच दारातून पाणी वाफ होऊन पळतं. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी शेकडा नव्वदहून जास्त असं निघून जातं. दार बंद केलं तर पाणी वाचतं, पण चूल पेटत नाही. भूक भागवायची की तहान सांभाळायची, हा झाडाचा रोजचा, खरं तर मिनिटामिनिटाचा, पेच आहे.

या दाराला पहारेकरी असतात. प्रत्येक छिद्राच्या दोन्ही बाजूंना घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन पेशी. त्या पाण्याने टम्म फुगल्या की बाहेरच्या बाजूला वाकतात आणि मधे फट पडते. पाणी उतरलं की सैल पडून एकमेकींना चिकटतात, फट मिटते. ह्यूगो फॉन मोल या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये हे दाखवलं, हेल्स जाऊन शतक होत आलं होतं तेव्हा. पेशी फुगतात कशा, हे कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. सकाळी उजेड पडला की या पेशी पोटॅशियम आत ओढून घेतात. आतला क्षार वाढला की त्याच्यामागे पाणी शिरतं. मिठाने पाणी ओढलं जातं, हे लोणचं घालणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. अंधारात उलटा प्रकार होतो. म्हणून सूर्यफुलाचं रात्रीचं वजन जवळपास हलत नव्हतं.

कोरड्या हवेत पान काय करतं, हे टिपायचा छान मार्ग शोधला फ्रान्सिस डार्विन यांनी, म्हणजे चार्ल्स डार्विन यांच्या मुलाने. हेल्स यांच्यावर त्यांचा फार जीव. त्यांनी हेल्स यांचं चरित्रही लिहिलं आहे. प्राण्याच्या शिंगाची एक पातळ पट्टी त्यांनी पानावर ठेवली. छिद्रं उघडी असली तर येणाऱ्या वाफेने पट्टी वाकते आणि तिला लावलेला काटा सरकतो, मिटली की काटा परत. १८९८ मध्ये त्यांनी या साधनाने किती तरी झाडं तपासली, आणि रात्र झाली की, तसंच हवा कोरडी झाली की, छिद्रं मिटू लागतात हे नोंदलं. पुढे १९११ मध्ये छिद्रांतून हवा ओढून ती किती उघडी आहेत हे मोजायचं आणखी नेमकं उपकरण आलं, त्या निबंधावर फ्रान्सिस डार्विन यांच्या जोडीला नाव आहे डोरोथिया पर्ट्झ यांचं. या बाई केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात शिकल्या, विज्ञानाच्या परीक्षा दिल्या. पदवी मात्र त्यांना मिळाली नाही, कारण केंब्रिजने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९४८ मध्ये. पर्ट्झबाई १९३९ मध्येच वारल्या होत्या.

त्यानंतरचा मोठा धागा १९६९ मध्ये हाती आला. कोमेजू लागलेल्या पानात अॅब्सिसिक आम्ल नावाचं एक द्रव्य झपाट्याने वाढतं, हे लक्षात आलं. हा झाडाचा आतला निरोप. पाणी कमी पडतंय, दारं लावा! निरोप पोचला की पहारेकरी पेशींतलं पोटॅशियम बाहेर जातं, मागोमाग पाणी, आणि दार मिटतं.

आता आपल्या जास्वंदीकडे परत या. दुपारी हवा इतकी कोरडी आणि गरम असते की पानं पाणी सोडतात त्या वेगाने मुळांना ते पुरवता येत नाही, माती ओली असली तरीही. आवक कमी, जावक जास्त. पानांतला ताठपणा जातो, छिद्रं अर्धीअधिक मिटतात, झाड जेवण अर्धवट टाकून तहान सांभाळत बसतं. संध्याकाळी जावक मंदावते, मुळं तूट भरून काढतात आणि पानं सावरतात. म्हणून दुपारी कोमेजलेलं झाड बघून लगेच तांब्या उचलू नये. आधी बोट मातीत घालून बघावं. ओल असेल तर थांबावं, फार तर कुंडी सावलीत सरकवावी. चार कुंड्या एकमेकींजवळ ठेवल्या तर त्यांच्या आसपासची हवा जरा ओलसर राहते आणि जावक कमी होते. माती सतत चिकचिकीत राहिली तर मुळं कुजतात, आणि मग झाड खरोखरच पाण्यावाचून मरतं, पाण्यात उभं राहून. सकाळीसुद्धा पानं मलूल असतील तेव्हा मात्र काळजी करावी.

हेल्स यांचा प्रयोग घरी करायला काही अवघड नाही. एक लहान कुंडी घ्या, पाणी घालून जादाचं निथळू द्या. कुंडीला खालून प्लॅस्टिकची पिशवी चढवून देठाशी दोऱ्याने बांधा, पानं बाहेर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सकाळ-संध्याकाळ वजन करा. दोन दिवसांत कळेल. मुलं घरात असतील तर उत्तमच, सुट्टीत काटा त्यांच्याच ताब्यात द्यावा.

काही झाडांनी तर हा पेच वेगळ्याच पद्धतीने सोडवला आहे. निवडुंग, घायपात, अननस, आणि आपल्या ओळखीची पानफुटी. ही दार रात्री उघडतात, हवा गार आणि ओलसर असताना. कार्बन डायऑक्साइड आत घेऊन तो आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि दिवसा दारं लावून, सूर्याच्या उजेडात त्याचं अन्न करतात. याचा सुगावा लागला तो चक्क जिभेने, आणि तोही हिंदुस्थानात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासकडे असलेल्या बेंजामिन हाइने यांनी पानफुटीची पानं वेगवेगळ्या वेळी चावून बघितली, ती सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतात हे त्यांनी १८१३ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं. रात्रभर साठवलेलं आम्ल दिवसा वापरून संपतं, म्हणून हा फरक. पण हे उलगडायला पुढे खूप वर्षं गेली.

सूर्यफुलाचं पुस्तक आलं तेव्हा हेल्स पन्नाशीचे होते. पुढची तीस-पस्तीस वर्षं त्यांना हवेने झपाटलं. बंद जागेत माणसं दाटीवाटीने राहिली की हवा बिघडते, आणि त्याने माणसं मरतात, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी लोहाराच्या भात्यासारखी मोठी यंत्रं तयार केली, आतली हवा बाहेर ओढणारी आणि ताजी हवा आत ढकलणारी. जहाजं, इस्पितळं, धान्याची कोठारं, तुरुंग, सगळीकडे ती बसली. लंडनच्या कुप्रसिद्ध न्यूगेट तुरुंगावर १७५२ मध्ये पवनचक्कीवर चालणारं यंत्र लावलं गेलं. तुरुंगातला ताप हवेने नव्हे, उवांमुळे पसरतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तरीही कोंडलेल्या माणसांना श्वास घेता यावा म्हणून कुणी तरी धडपडत होतं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. एक गोष्ट मात्र सलते. हीच यंत्रं गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांवरही बसली, आणि त्यांत माणसं कमी मेली याचं हेल्सना समाधान वाटलं. ती माणसं त्या जहाजात का होती, हा प्रश्न त्यांनी विचारल्याचं दिसत नाही.

आता किटलीबद्दल. बायकांच्या चहाच्या किटल्यांत आतून किती क्षार साठला आहे हे ते बघायचे, आणि त्यावरून त्या घरच्या विहिरीचं पाणी पिण्याला कसं आहे याचा अंदाज बांधायचे. बोअरचं पाणी उकळणाऱ्या आपल्यासारख्यांना ही युक्ती लगेच पटेल! फळांच्या गोड सारणाचा पाय भाजताना मधे एक चहाचा कप पालथा ठेवा, म्हणजे रस उतू जात नाही, हे त्यांनी गृहिणींना शिकवलं. चहा फार कढत पिऊ नका असं तरुण पोरांना बजावलं. जुन्या विहिरीत माणूस उतरवण्याआधी झारीने पाण्याचा फवारा मारा म्हणजे आतली विषारी हवा निघून जाईल, घराच्या तळमजल्याच्या भिंतींना हवेची भोकं ठेवा म्हणजे लाकडी जमीन कुजणार नाही, हेही सांगितलं. गिल्बर्ट व्हाइट या निसर्गाच्या दुसऱ्या वेड्या पाद्र्याने या आठवणी लिहून ठेवल्या, म्हणून आपल्याला कळल्या. घरकामातही शास्त्र असतं हे हेल्स यांना कुणी पटवून द्यावं लागलं नाही.

दारूशी त्यांचं हाडवैर. स्वस्त जिनने लंडनमधले संसार धुळीला मिळत होते, तेव्हा १७३४ मध्ये त्यांनी दारूविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि कायदा व्हावा म्हणून पाठपुरावा केला. पण याच पाद्रीबाबांनी आपल्या गावातल्या, त्यांच्या मते वाकडं पाऊल पडलेल्या, बायकांना चर्चमध्ये सगळ्यांसमोर प्रायश्चित्त घ्यायलाही लावलं. पुरुषांना लावल्याची नोंद नाही. पाऊल काही एकट्या बाईचं वाकडं पडत नाही, एवढा साधा हिशोब या मोजमापाच्या माणसाला सुचू नये, याचं वाईट वाटतं.

मानसन्मान आले ते म्हातारपणी. १७३९ मध्ये रॉयल सोसायटीचं कोपली पदक, १७५३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचं परदेशी सदस्यत्व. वेल्सची राजकन्या ऑगस्टा, तिसऱ्या जॉर्जची आई, हिच्या पदरी धर्मोपदेशक म्हणूनही ते होते. हीच ती क्यूची बाग वाढवणारी राणीसाहेब. घंटेसारखी पांढरी फुलं येणाऱ्या एका अमेरिकन झाडाच्या जातीला हेल्स यांच्या नावावरून हॅलेसिया म्हणतात, ते नाव त्यांच्या हयातीतच पडलं. ४ जानेवारी १७६१ ला, त्र्याऐंशी वर्षांचे होऊन, ते टेडिंग्टनलाच गेले. ऑगस्टाने त्यांच्या स्मरणार्थ वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये शिल्प उभारलं, पण त्यांना पुरलं आहे ते गावातल्या चर्चच्या मनोऱ्याखाली. तो मनोरा त्यांनीच बांधवून घेतला होता.

त्याच चर्चच्या जुन्या नोंदवहीत, जन्म, लग्नं आणि मृत्यू यांच्या मधेच, १७५४ सालची एक नोंद आहे. गावाला पिण्याचं चांगलं पाणी मिळावं म्हणून हेल्स यांनी खटपट करून झऱ्याचं पाणी वळवून आणलं होतं. पाणी आलं, एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण सत्त्याहत्तरीला टेकलेल्या पाद्रीबाबांनी प्रवाहाखाली दोनएक लिटरचं भांडं धरलं, शेजारी लंबक टांगला आणि वहीत लिहून ठेवलं, की लंबकाचे तीन झोके होईपर्यंत हे भांडं भरतं. लंबकाची लांबी किती, तेही खाली लिहिलंय. एकोणचाळीस पूर्णांक दोन दशांश इंच.